पाटीवर बसलेली माणसं

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, ऊन कलायला लागलं की आमच्या मंडळाच्या मैदानावर शिंपण व्हायचं. विहिरीवरून बादल्या भरून आणायच्या आणि हाताने पाणी उडवत मागे मागे सरकायचं. एका जागी जास्त पडलं तर चिखल, कमी पडलं तर धूळ. मग दगडी रोलर. एका दांडीला कॉलेजातले दादा लोक, दुसऱ्या दांडीला आम्ही सहावी-सातवीच्या मुली. रोलर खरं तर दादा लोकच ओढायचे, पण आमचे हात दांडीवरून निघाले तर अण्णा लांबून हाक मारायचे, "पोरींनो, धरा की गं!" त्यामुळे रोलर आपणच ओढतोय, असं आम्हाला शेवटपर्यंत वाटायचं. आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचं वार्षिक संमेलन असायचं.

आमचं मंडळ सांगलीतलं, गावभागातलं. नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. सांगलीत तालमी आणि व्यायाम मंडळं पुष्कळ, त्यातलं हे एक. पत्र्याची लांबट खोली, समोर मैदान, मैदानाच्या कडेला पुरलेला मल्लखांब आणि मागच्या अंगाला कधी काळी कुस्तीचा हौदा होता त्याची खूण. मंडळाची सुरुवात त्या हौद्यापासूनच झाली. लाल मातीत लोळणारी पोरं वाढली, मग मल्लखांब आला, मग हुतूतू आणि सगळ्यात शेवटी खो-खो. पण गावात मंडळाची ओळख झाली ती या शेवटच्या खेळानेच.

हा सगळा इतिहास आम्हाला पाठ होता, कारण अण्णा तो दरवर्षी संमेलनात सांगायचे. ते मंडळाचे कार्यवाह. सकाळी सामुदायिक सूर्यनमस्कार झाले, की घामेजलेल्या अंगाने सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं आणि अण्णा उभे राहायचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम लिहून काढले आणि त्याआधी गावोगावी ज्याला जसा जमेल तसा हा खेळ चालायचा, इथून सुरुवात. मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर आणि त्यांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब. मग अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्यांचा संघ १९३६ साली थेट बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या वेळी जगासमोर आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. "बर्लिनला!" हा शब्द उच्चारताना अण्णांचा उजवा हात वर जायचा. तो केव्हा जाणार हे माहीत असल्यामुळे आम्ही पोरं सतरंजीवर बसल्या बसल्या आपापला हात वर न्यायचो. अण्णांना ते दिसायचं. ते कधी रागावले नाहीत. उलट पुढच्या वर्षी हात आणखी उंच.

अमरावतीच्या मंडळाबद्दल ते इतक्या आपुलकीने बोलायचे, की लहानपणी मला ते आमच्याच मंडळाची थोरली शाखा वाटायचं.

मी मंडळात आले ती १९८२ साली, सहावीत असताना. दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या ते वर्ष. तिथे खो-खोचं प्रात्यक्षिक झालं, याचा अण्णांना केवढा आनंद! मुलींचा विभाग त्याच्या आधीच सुरू झालेला होता आणि तो सुरू करणाऱ्या बाई एका शाळेत पीटी शिकवायच्या. कॉलेजात असताना, १९६१ साली, कोल्हापुरात महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय खो-खो स्पर्धा झाल्या होत्या. बाईंनी ते सामने कडेला उभं राहून पाहिले. "मी तेव्हा खेळत नव्हते गं, नुसती बघत होते," असं त्या सांगायच्या, आणि त्यात अजून काही राहून गेल्यासारखा त्यांचा आवाज खाली यायचा. सांगलीत आल्यावर त्या घरोघर फिरल्या. आमच्या घरीही आल्या. आई म्हणाली, गुडघे फुटतात, उद्या व्रण राहतील. आजी आतून म्हणाली, "राहू देत की. चूल पेटवून पेटवून माझ्या हातावर राहिलेत ते कुणी मोजलेत?" तेवढ्यावर माझं नाव लिहिलं गेलं.

संमेलनाचा दिवस भल्या पहाटे सुरू व्हायचा. नदीवरून गार वारा, मैदान अजून ओलसर, आणि पूर्वेला तोंड करून पन्नास-साठ माणसं. सातवीतल्या पोरापासून पेन्शनर आजोबांपर्यंत. सूर्याची बारा नावं मोठ्याने घ्यायची आणि प्रत्येक नावाला एक नमस्कार. मग अण्णांचं भाषण. मग मल्लखांब. आदल्या रात्री खांबाला एरंडेल चोळून ठेवलेलं असायचं. पोरं वर चढायची, वेताच्या टांगत्या मल्लखांबावर तर आणखीच थरार, आणि खाली उभ्या असलेल्या आया पदर तोंडाशी धरून बघायच्या. दुपारी मुलांचे हुतूतूचे सामने. अण्णांच्या तोंडी आजही हुतूतूच असतं, कबड्डी नाही. या सगळ्यात आमचं लक्ष नसायचं. आमचं लक्ष संध्याकाळच्या सामन्याकडे: जुने विरुद्ध नवे, खो-खो.

त्या सामन्याआधीचं मैदान आखणं हा मात्र सोहळाच. दोन खांबांमध्ये सुतळी ताणायची, खिळे ठोकायचे आणि अण्णा स्वतः बसून चुन्याची फक्की मारायचे. मधली पाटी, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या आणि जिथे त्या छेदतात तिथले आठ चौकोन, फूटभर लांब, फूटभर रुंद. फक्कीचा डबा तिरका धरून ते इतक्या सावकाश सरकायचे, की रेघ कुठे थांबली आणि कुठे परत सुरू झाली ते कळायचं नाही. कुणी चुकून रेघेवर पाय दिला तर बोलायचे नाहीत. तेवढा भाग परत करायचे.

ज्यांनी हा खेळ नुसता लांबून पाहिला आहे त्यांना धावणारेच दिसतात. खरा खेळ त्या आठ चौकोनांत बसलेल्यांचा असतो. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. एक पाय पुढे, एक मागे, बोटांची टोकं मातीला लागलेली. पाठलाग करणारीला मागे फिरायची मुभा नाही, मधली पाटी ओलांडायची मुभा नाही. गडी हुकला तर तिने बसलेलीला खो द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. बसलेलीला मागचं दिसत नाही. ती फक्त ऐकते. पावलं जवळ येतात, जमीन जराशी थरथरते, श्वास ऐकू येतो आणि मग पाठीवर हात पडतो आणि त्याच क्षणी शब्द येतो. हात आधी आणि शब्द मागून, किंवा शब्द आधी आणि हात मागून, असं झालं की पंचांची शिट्टी वाजलीच.

माझ्या पहिल्या संमेलनात मी पाचव्या चौकोनात बसले होते. एवढे लोक बघत होते, छाती धडधडत होती, आणि मागून पावलं आली तशी मी उठले. खो आलाच नव्हता. पावलं पुढच्या चौकोनाकडे निघून गेली. शिट्टी. मी परत बसले आणि मातीकडेच बघत राहिले. सामना संपल्यावर सगळे पाणी प्यायला गेले तरी मी तिथेच होते. अण्णा आले, शेजारच्या चौकोनात पंजा टेकवून बसले, आमच्यासारखेच, एक पाय पुढे घेऊन.

"पोरी, पळायला सगळ्यांनाच येतं," ते म्हणाले. "बसायला शीक. जागं राहून बसायचं. खो आला की उठायचं, त्याच्या आधी नाही. आणि आला की मग थांबायचं नाही."

मग मला त्यांनी तिथेच बसवलं आणि स्वतः मागून येऊन पाच-सहा वेळा खो दिला. कधी पावलं वाजवत, कधी न वाजवता. त्यांचा तळवा खरखरीत होता, फक्कीने पांढरा झालेला. घरी गेले तेव्हा माझ्या फ्रॉकच्या पाठीवर त्याचे ठसे होते. आईने धुवायला टाकला तेव्हा मी रडले होते.

खूप उशिरा, मी कॉलेजात असताना, कळलं की अण्णा स्वतः जिल्ह्याच्या संघातून एकदाही मैदानात उतरले नव्हते. बारा जणांत निवड झाली, पण खेळणारे नऊ. अण्णा राहिलेल्या तिघांतले. मंडळाच्या खोलीत त्या संघाचा फोटो लावलेला होता. नऊ जण खुर्च्यांवर आणि मागे, आणि अगदी उजव्या टोकाला, चौकटीला जवळजवळ चिकटून, शिडशिडीत अण्णा. हा फोटो आम्ही शेकडो वेळा पाहिला होता, पण ते उभे आहेत ती जागा राखीव खेळाडूची आहे हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नाही. बक्षीस समारंभात ते विजेत्यांची नावं वाचायचे तेव्हा शेवटी राखीव खेळाडूंची नावं न चुकता घ्यायचे, आणि तीही त्याच आवाजात.

बक्षीस समारंभाआधी वर्षाचा हिशेब वाचला जायचा. हे फार कमी मंडळांत होत असेल. चुना, सुतळी, एरंडेल, एका खांबाची दुरुस्ती, पाहुण्या संघाचा एसटीचा खर्च, सगळं खजिनदार मोठ्याने वाचायचे. लहानपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, मंडळावर लोकांचा जीव जडला तो यामुळेही. रुपया देणाऱ्या माणसाला आपल्या रुपयाची सुतळी झाली हे कळत होतं.

मग लग्न, नोकरी, दुसरं गाव. माझी संमेलनं चुकत गेली. रथसप्तमीला मात्र फोन करायचेच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा कशी चढली ते सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात घरांत पाणी, दुकानांत पाणी. मंडळाची खोली तर पार बुडालेली. पाणी ओसरल्यावर मी आले तेव्हा दार ढकलायला तिघे लागले. आत गुडघाभर गाळ. ढाली, लेझीम, सतरंज्या, सगळं एका रंगाचं. हिशेबाच्या वह्या फुगून पाव झाल्या होत्या. आम्ही त्या पानं पानं सुटी करून शेजारच्या गच्चीवर दोऱ्यांना चिमटे लावून वाळत घातल्या. शाई पसरली होती, तरी चुना आणि सुतळी वाचता येत होतं.

तो संघाचा फोटो काचेला चिकटला होता. मुलं काच काढायला निघाली. कुणीतरी जाणत्याने थांबवलं: ओला फोटो ओढला तर चेहरे काचेबरोबर निघून येतील. म्हणून काचेसकटच वाळवला. डाव्या बाजूचे तिघे पार पुसले गेले आहेत, मधल्यांचे चेहरे ढगाळ झाले आहेत. उजव्या टोकाचे अण्णा तेवढे स्पष्ट राहिले. तो फोटो आजही तसाच, काचेला धरून, भिंतीवर आहे.

त्या वर्षी संमेलन होणार नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो. घरं सावरायची की मैदान? पण डिसेंबरात पोरं आपणहून फावडी घेऊन आली. वरचा कचरा, काचा, चिंध्या वेचून काढल्या आणि खाली निघाला निव्वळ पोयटा. नदीने आणून टाकलेला, मऊ, काळाभोर. रोलर फिरला तसा तो बसला. त्या रथसप्तमीला मुलींनी जे सूर मारले तसे मी कधी पाहिले नव्हते. अंग झोकून द्यायच्या आणि खरचटणं नाही की रक्त नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर अजून त्या जुन्या मुरमाड मैदानाचे व्रण आहेत, आणि मी कडेला बसून त्या मुलींचे स्वच्छ गुडघे बघत होते.

२०२५ च्या १९ जानेवारीला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. मंडळाच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर बांधून मोठ्या पडद्यावर दाखवले. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि चषक हातात घेतला महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेने. मुलांचा संघही जिंकला, त्याचा कर्णधार प्रतीक वाईकर. मॅटवरचा खेळ, पायात बूट, दिव्यांचा लखलखाट. पण पाटीवर बसायची रीत तीच. एक पाय पुढे, बोटं जमिनीला. बाई आज असत्या तर, असं मनात आलं आणि पुढचं काही दिसेना.

अण्णा पुढच्या खुर्चीत बसले होते. नव्वदीला आलेत. सामना संपल्यावर सगळे ओरडत बाहेर पळाले. ते मला म्हणाले, "त्यांचे राखीव कोण होते गं? नावं दाखवली नाहीत." दुसऱ्या दिवशी मी शोधून सगळ्या संघाची नावं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना दिली.

त्यानंतर पंधरवड्याने रथसप्तमी आली. आदल्या दिवशी शिंपण झालं, रोलर फिरला, मुलांनी मैदान आखलं. अण्णांना खुर्चीसकट खांबापाशी आणून बसवलं. बराच वेळ ते हाताची सावली डोळ्यांवर धरून बघत राहिले.

"सहावा चौकोन कुणी आखला?"

एक मुलगी पुढे आली. सहावीतली असेल.

"बोटभर सरकलाय बघ पोरी. सुतळी आण."

ती पळत गेली. मी खाली बसले आणि सुतळीचं एक टोक धरलं.