आधी दार गप्प करू

"ऐका," म्हणत कार ऑडिओच्या कारागिराने गाडीच्या दाराच्या पत्र्यावर बोटाचं पेर टकटकवलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

माझ्या महागड्या जर्मन गाडीच्या दाराचं पॅनल उघडं पडलं होतं. आत कागदी कोनचा ४ इंची स्पीकर, त्यामागे एवढंसं मॅग्नेट. पाहून पोटात कालवलं.

मी मोठा अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर असं सगळं ठरवूनच गेलो होतो. तो म्हणाला, "साहेब, आधी दार गप्प करू. मग स्पीकरला बोलू द्या."

त्याने पत्रा पुसून २ मिलिमीटर जाडीची, थरथर शोषणारी ब्युटाइल रबराची शीट लावली, रोलर फिरवत एकेक बुडबुडा काढला. घाई अजिबात नाही. पॅनल बसवायच्या आधी पुन्हा टकटक. आता आवाज भरीव, जुन्या सागवानी दारासारखा. स्पीकर तोच, पण गाण्यातला तबल्याचा डग्गा आधी नुसता थरथरत होता, तो घुमायला लागला. अ‍ॅम्प्लिफायरचं नंतर बघू म्हटलं.

गाडी घेताना सीटचं लेदर चाचपलं, स्क्रीनवर बोटं फिरवली. रोज दोन तास जे ऐकणार, ते मात्र शोरूममध्ये मिनिटभरही शांतपणे ऐकलं नव्हतं.

तुम्ही ऐकलं होतं का?