भोकाचा पैसा

परवा दुपारी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत पोकळ्याची एक पेंडी घेतली. पंधरा रुपये. खिशात हात घातला, एक दहाचं आणि एक पाचाचं नाणं लागलं, ते न बघताच मावशींच्या हातावर ठेवलं आणि निघालो. चार पावलंसुद्धा गेलो नसेन, मागून हाळी आली.

"ओ काका! ह्ये काय दिलासा? ह्येला भोक हाय की!"

मावशींनी नाणं डोळ्याला लावलं होतं आणि त्या भोकातून माझ्याकडं बघत होत्या. पिवळं, आपल्या पाचाच्या नाण्याएवढं, मधोमध गोल भोक. जपानचे पाच येन. गेल्या वर्षी लेकाकडं ओसाकाला जाऊन आलो, तेव्हापासून हे त्या पँटच्या खिशात असणार. किती वेळा धुण्यातून गेलं असेल, देव जाणे.

भोकाचा पैसा माझ्याकडंही होता. आजीनं करदोट्यात ओवलेला. १९४३ साली लढाईत धातूची चणचण झाली, तेव्हा सरकारनं पैशाच्या पोटातलंच तांबं काढून घेतलं आणि नुसती कडी चलनात आणली. पुढं १९५७ साली रुपयाचे ६४ पैसे होते त्याचे १०० झाले. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे ज्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं, तो पैसा कमरेला बांधून मी लक्ष्मीपुरीभर हुंदडत होतो. दृष्ट लागू नये म्हणून, म्हणे. ज्याला काही किंमत नाही त्याला दृष्ट कशी लागणार, असा आजीचा हिशेब असावा.

पैशाच्या बाबतीत आमचं घरच जरा विक्षिप्त. आप्पांचं भुसार मालाचं दुकान. वर्षातनं दोनतीनदा मुंबईला जायचे. जायच्या आदल्या संध्याकाळी आई त्यांची बंडी मांडीवर घेऊन कंदिलापाशी बसायची. बंडीला आतून चोरखिसा. नोटा मेणकापडात गुंडाळायच्या, खिशात सारायच्या आणि खिशाचं तोंड काळ्या दोऱ्यानं पक्कं शिवून टाकायचं. शेवटचा टाका घातला की आई दोरा दातानं तोडायची आणि वरून दोनदा थोपटायची, तान्ह्या मुलाला थोपटावं तसं. मुंबईत पोचल्यावर ती शिवण उसवायला आप्पांना कुणाच्या तरी न्हाणीघरात शिरावं लागायचं. शिवाय सदऱ्याच्या वरच्या खिशात दहा रुपये वेगळे. ते चोराचे. "त्यानं कष्टानं हात घातला तर मोकळा जाऊ नये," असं आप्पा गंभीरपणे सांगायचे. मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

तर जपानला जाताना मीही तेच केलं. परदेशी चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड पाकिटात, बँकेचं कार्ड बॅगेत, येनच्या नोटा बनियनच्या चोरखिशात. लेक हसला. "बाबा, इथं हरवलेलं पाकीट लोक पोलीस चौकीत नेऊन देतात." देत असतील. पण चोरखिसा काय चोरासाठी असतो?

पहिल्या दिवशी बँकेचं कार्डच चाललं नाही. परदेशात वापरायची सोय ॲपमधून आपण स्वतः चालू करावी लागते. २०२० पासून नवी कार्डं बंदच येतात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मला माहीतही होता. पण घर सोडताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद करण्याच्या नादात जे एकच चालू करायचं होतं ते राहिलं. ते चालू केलं, तर दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानात मशीननं विचारलं, रुपयांत देता की येनमध्ये? परमुलखात कुणीतरी रुपयाचं नाव काढलं म्हणून मला भरूनच आलं. दाबलं रुपये. लेकानं कपाळाला हात लावला. रुपये दाबले की भाव तिथलेच लोक ठरवतात आणि आपला वाटा काढून घेतात. येन दाबले तर आपली बँक कापते, बऱ्याच कार्डांवर शेकडा तीन-साडेतीन. म्हणजे हजामत चुकत नाही, पण निदान घरच्या न्हाव्याकडं होते.

खरी गंमत एका गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानात झाली. दारातच मशीन. आधी पैसे घालायचे, पदार्थाचं बटण दाबायचं, चिठ्ठी घेऊन आत जायचं. कार्ड नाही, नोट फक्त हजाराची. माझ्याकडं होती दहा हजाराची, तीही चोरखिशात. शर्टाची तीन बटणं काढून आत हात घालून उभा राहिलो. मागं सातआठ माणसं. एकानंही तोंडातनं चकार शब्द काढला नाही, सगळे अत्यंत सभ्यपणे छताकडं बघत होते. आपल्याकडं निदान कुणीतरी "काय मर्दा, उंदीर शिरला काय?" असं तरी विचारलं असतं.

शेवटी आतला माणूस हात पुसत आला. नोट हातात घेईना, छोटा ट्रे पुढं केला, त्यात ठेवा म्हणे. मला लागलंच. आप्पांच्या दुकानात कुणी गल्ल्यावर पैसे टाकले तर ते शिवायचे नाहीत. पैसा हातातनं हातात जावा. पण मग त्यानं हजाराच्या दहा नोटा माझ्यासमोर एकेक करून मोजल्या, दोन्ही हातांनी पुढं केल्या आणि वाकला. आप्पांनी त्याला त्याच दिवशी गल्ल्यावर बसवला असता.

हे पाच येनाचं नाणं क्योटोतल्या फुशिमी इनारीच्या देवळात लेकानं हातावर ठेवलं होतं. त्यावर आकडाच नाही. किंमत त्यांच्या लिपीत, भोकाभोवती चक्राचे दाते, वर भाताची लोंबी. पाच येन म्हणजे त्यांच्या बोलीत गो-एन, आणि तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ जवळजवळ आपला ऋणानुबंध. म्हणून देवापुढं बरेच जण पाच येन टाकतात. मी टाकायचं विसरलो, की टाकवलं नाही, आता आठवत नाही.

"तिकडं चालतंय व्हय ह्ये?" मावशींनी विचारलं.

"चालतंय की. पण आपले तीन रुपयेसुद्धा होत नाहीत."

मावशींनी नाणं पदराला पुसलं, पुन्हा भोकातून एकदा आभाळ बघितलं.

"मग ऱ्हाऊ दे मला. नातीच्या दोऱ्यात घालतो."

बरं म्हटलं आणि वळलो.

"अवो काका, पर माझं पाच रुपयं?"

फोन काढला, तराजूला लावलेला कोड स्कॅन केला. पोकळ्याच्या ढिगाआडून डबी मोठ्यानं बोलली, पाच रुपये मिळाले. सगळ्या मंडईनं ऐकलं.