साडेतीनची दिवेलागण

आज इथे स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये साडेतीनलाच दिवेलागण झाली. शेजारच्या आजींना तपासणीहून घरी आणलं. वीस वर्षांपासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. कप दोन्ही हातांनी घट्ट धरतात, तरी बशीत चहा सांडतोच. बघवत नाही. मूळच्या त्या स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या; तिथे लाखामागे सुमारे ४०० जणांना हा आजार!

अमेरिकी सैनिकांवरचा २००६ चा अभ्यास आठवला. गोऱ्या सैनिकांत ड जीवनसत्त्व सर्वांत जास्त असलेल्यांना एमएसचा धोका सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा ६२ टक्के कमी. कारण तेवढं एकच नाही, एपस्टाइन-बार विषाणू आहे, धूम्रपान आहे. तरी घरी आल्या आल्या लेकीला ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी दिली.

आईचा फोन आला, "कोवळ्या उन्हात बसवतेस ना गं तिला?"

आई, मार्च संपेपर्यंत इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होण्याइतका जोरच नसतो गं.