साडेअकरा किलोचं पाकीट

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं वर्कशॉप आहे. पावडर मिसळायच्या मशीनची झाकणं आम्ही कित्येक वर्षं करतोय. एका मोठ्या पार्टीने त्या झाकणाच्या लॉकवर पेटंट घेतलं, अर्ज 2014 चा. त्यांनी दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि माझा तयार माल शेडमध्ये पडून राहिला. अपिलाला कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम 13 प्रमाणे 60 दिवस मिळतात. हुकमाच्या नकलेचा अर्ज वकीलसाहेबांनी हुकूम झाला त्याच दिवशी टाकला होता. तुम्हीही तेच करा, अर्जापासून नकल तयार होईपर्यंतचे दिवस त्या 60 मधून वगळतात.

इथवर ठीक चाललं होतं. अडलं ते भाषांतरात.

खालच्या कोर्टात गुजराती कागद चालतात, हायकोर्टाचं कामकाज मात्र इंग्रजीत. आणि आमची सगळी भिस्त 2011-12 च्या, माल पाठवल्याच्या 42 गुजराती चलनांवर. पेटंटच्या अर्जाआधीच ती वस्तू देशात उघड वापरात असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम 64 खाली पेटंट रद्द होऊ शकतं. म्हणजे ही चलनं हाच आमचा बचाव. एका भाषांतरकाराला दिली. चार दिवस म्हणाला, नऊ लावले. गठ्ठा आला तो थेट वकिलांकडे जाणार होता. रात्री सहज एक पान उघडलं.

चलनावर होतं 'बीडनुं कवर, नंग 6'. आपल्याकडे काय, गुजरातीत काय, बीड म्हणजे ओतीव लोखंड. या गृहस्थाने लिहिलं होतं 'बिड कव्हर', आणि खाली स्वतःच्या अकलेने टीप जोडली होती: निविदेचं पाकीट. 42 पैकी 31 चलनांवर हेच! शेजारच्याच रकान्यात वजन होतं, दर नगाला साडेअकरा किलो. साडेअकरा किलोचं पाकीट कुठलं टेंडर भरायला लागतं, हे त्याला विचारावंसंही वाटलं नाही. समोरच्या वकिलाने एवढंच म्हटलं असतं, यांनी तर झाकण विकलंच नाही, लिफाफे विकलेत.

सकाळी फोन केला. तो म्हणाला, "साहेब, बीड एटले टेंडर ज ने?" म्हणजे, बीड म्हणजे टेंडरच ना? वर पुन्हा पानामागे पैसे मागितले, आणि सही-शिक्क्याला तीन दिवस, कारण घरात लग्न. सयाजीरावांच्या या गावात 1931 मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश झाला होता, आणि इथे माझं झाकण लिफाफा होऊन बसलं होतं. शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी शेडमधलं एक झाकण त्याच्या टेबलावर आपटलं. काच तडकली. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं दुरुस्त होऊन आली. काचेचे पैसे मी दिले, खुशीने दिले.

अपील 53 व्या दिवशी दाखल झालं.

एक राहिलंच. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत, त्यामुळे जुनी चलनं, वह्या, जे असेल ते खालीच लावा. आम्ही लावलं होतं म्हणून वाचलो. शिवाय पेटंट रद्द करा असा प्रतिदावा केला असता तर कलम 104 प्रमाणे अख्खा दावाच हायकोर्टात गेला असता. वकीलसाहेबांनी तो मुद्दा फक्त बचावात घेतला, तेवढ्या माझ्या अहमदाबादच्या फेऱ्या वाचल्या.

मला वाटत होतं, वरचं कोर्ट सगळं पहिल्यापासून तपासेल. तसं नसतं. मनाई हुकूम देणं ही खालच्या कोर्टाची मर्जी, ती मनमानी किंवा कायदा सोडून वापरली असेल तरच वरचे हात घालतात. सुप्रीम कोर्टाने 1990 मध्येच हे सांगून ठेवलंय. सोल्याला, म्हणजे अहमदाबादच्या हायकोर्टात, पहिल्या दोन तारखांना काहीच झालं नाही. तिसऱ्या तारखेला चलनं वाचली गेली, वजनाच्या रकान्यासकट. हुकूम सैल झाला: माल काढा, पण विक्रीचा हिशेब ठेवा, दर तीन महिन्यांनी कोर्टात द्या.

दावा अजून चालूच आहे. नव्या चलनांवर आम्ही आता 'कास्ट आयर्न' लिहितो. मिस्त्री मात्र बीडच म्हणतात.