‘फारच सावकाश’ म्हणजे नेमकं किती?

बोईंग ७३७-८०० च्या टाइप रेटिंगला (त्या ठरावीक विमानाच्या वैमानिक-परवान्याला) बसणाऱ्या नव्या मुलांसाठी लिहितोय. खरं म्हणजे माझी चिडचिड अजून ओसरलेली नाही, तेही एक कारण आहेच.

इंजिन स्टार्टचे आकडे कुणालाही पाठ होतात. एन-टू (इंजिनाच्या आतल्या गाभ्याचा वेग) २५ टक्क्यांवर आला की स्टार्ट लीव्हर आयडलला, म्हणजे इंधन सुरू, मग १० सेकंदांत ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) वाढलाच पाहिजे, ५६ टक्क्यांना स्टार्टर कटआउट, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर सुटतो, स्टार्टसाठी ईजीटीची मर्यादा ७२५ अंश. संपलं.

अडलो हँग स्टार्टवर, म्हणजे इंजिन पेटतं पण वेग घेत नाही तिथे. हॉट स्टार्टला ईजीटी उसळतो, तो आंधळ्यालाही कळेल. वेट स्टार्टला, म्हणजे इंधन पेटलंच नाही तर, त्या १० सेकंदांचं घड्याळ आहे. आणि हँग स्टार्टला? ईजीटी दिसल्यावर एन-वन (पुढच्या फॅनचा वेग) किंवा एन-टू वाढला नाही, किंवा ‘फारच सावकाश’ वाढला, तर स्टार्ट सोडा. फारच सावकाश म्हणजे किती टक्के, किती सेकंद? जिथे तिथे आकडे देणाऱ्या पुस्तकाने इथेच विशेषणावर भागवलंय!

सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) शिकवणारे सर मागे बसून नेमका हाच बिघाड टाकायचे. एन-टू चाळिशीत रेंगाळला आणि मी ‘हँग स्टार्ट’ म्हटलं की मागून प्रश्न, “कशावरून? ईजीटी मर्यादेत आहे की!” जरा थांबावं तर, “आता कसली वाट बघतोयस?” लवकर बोललं की घाई, मग बोललं की उशीर. कारण मात्र सांगायचं नाही. मध्यरात्रीचा स्लॉट, डोळे चुरचुरतायत आणि वर हे.

उलगडा केला तो हँगरमधल्या एका जुन्या इंजिनिअरसाहेबांनी. “एकटा एन-टू बघू नकोस रे. चांगल्या स्टार्टमध्ये ईजीटी वर जातो, टोक गाठतो आणि एन-टू पुढे सरकला की खाली उतरतो. इथे इंधन जातंय, ईजीटी चढतच राहतो आणि एन-टू जागेवर.” घाटात चौथ्या गिअरवर गुदमरणाऱ्या एसटीसारखं: जळतंय भरपूर, वेग येत नाही. कॉम्प्रेसर पुरेशी हवा देत नाही, मग उष्णता वाढणारच.

पुढच्या वेळी दोन्ही डायलांवर बोट ठेवून कारणासकट सांगितलं. सर नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’वर मी आठवडाभर तरंगत होतो.

हो, स्टार्टआधी डक्ट प्रेशर (स्टार्टरला मिळणाऱ्या हवेचा दाब) बघा. एपीयूची (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची) हवा कमी पडली तर एन-टू आधीपासूनच रडतो. पॅक (केबिनच्या वातानुकूलनाची यंत्रं, तीही हीच हवा खातात) बंद आहेत ना, तेही पाहा. स्टार्ट सोडलात तर लीव्हर कटऑफला नेल्यावर ६० सेकंद मोटरिंग (इंधनाशिवाय इंजिन नुसतं फिरवणं), स्टार्टर लगेच बंद करू नका. आणि मागून वारा असेल तर फॅन उलटा फिरत असतो, एन-वन दिसायला वेळ लागतो. एन-वन फिरलेला दिसल्याशिवाय लीव्हरला हात लावायचा नाही, मागून कुणी कितीही घाई करो.