ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: स्विफ्टच्या डिस्क-पॅडची नोंदवही

८४,२१० किमी

पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना जुनं दुखणं परत उपटलं. ब्रेकवर हलका पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि पेडल तळपायाला गुदगुल्या केल्यासारखं वर-खाली होतं. गाडी थांबते, अगदी सरळ थांबते. बाबा शेजारच्या सीटवर होते. म्हणाले, "थांबते ना? मग कशाला खाली झोपतोस तिच्या?" पण हेच दुखणं ६१,००० ला झालं होतं. तेव्हा गॅरेजवाल्याने "डिस्क वाकलीय साहेब" म्हणून ती लेथवर मारून (यंत्रावर घासून सपाट करून) आणली. पाच-सहा हजार किलोमीटर लोण्यासारखे गेले आणि मग हळूहळू परत तेच. पुन्हा कुणाला पैसे देण्याआधी या वेळी मोजून बघायचं ठरवलं.

(नव्यांसाठी: गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. कागदोपत्री जिला रोटर म्हणतात तिला पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत डिस्क प्लेट म्हणतात, मी नुसतं डिस्क म्हणणार.)

८४,२६५ किमी

रविवार सकाळ, पार्किंग. मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक आणि त्याच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, निघून जातो.

आधी जाडी. इथे व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) फसवतो. डिस्कच्या बाहेरच्या काठाला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते. व्हर्नियर त्या कडेवर बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मायक्रोमीटर (स्क्रूने जाडी मोजणारं साधन) घेऊन काठापासून साधारण १० मिमी आत, एकाच वर्तुळावर आठ ठिकाणी मोजायचं. डावीकडे सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०३ मिमीचा फरक निघाला. केसापेक्षा बारीक, पण पेडलला जाणवायला एवढा पुरतो. शिवाय दोन्ही डिस्क त्यांच्यावरच कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेल्या होत्या. म्हणजे पुन्हा लेथवर मारण्याचा प्रश्न मिटला.

मग डायल गेज, म्हणजे डिस्क फिरताना किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापक. चाकाचे नट उलटे लावून डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो गोल भाग) घट्ट बसवली, मॅग्नेटिक स्टँड लावला आणि डिस्क हाताने फिरवली. काटा ०.१४ मिमी हलला. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० च्या आत हवं असतं. आता मजा इथे आहे. उंच जागेवर खडूची खूण केली, डिस्क काढून एक स्टड (हबमधून बाहेर आलेला, नट लागतो तो बोल्ट) पुढे सरकवून बसवली आणि परत मोजलं. डिस्क वाकलेली असती तर उंच जागा खुणेबरोबर सरकली असती. ती सरकली नाही, हबच्या त्याच स्टडपाशी राहिली. म्हणजे गुन्हेगार डिस्क नव्हतीच. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे चढले होते आणि डिस्क त्यांच्यावर तिरकी बसत होती.

लेथचा गुण का टिकत नाही, ते इथे उलगडलं. तिरकी बसलेली डिस्क दर फेरीला एकाच जागी पॅडला घासून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. त्या जागी ती झिजत राहते, काही हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडतो आणि थरथर सुरू होते. लेथवर जाडी सारखी होते, पण डिस्क परत त्याच गंजलेल्या हबवर चढते. मग पहिल्या दिवसापासून नवा हिशेब सुरू.

दुसरी चोरी पॅडमध्ये सापडली. डावा आतला पॅड जवळपास पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दोन सरकत्या पिनांपैकी एक जाम. मागे कुणीतरी तिथे साधं चाकाचं ग्रीस भरलं होतं. त्याने रबर फुगलं आणि पिन आवळून बसली. तिथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं. पॅड कुठला घ्यावा यावर आपण तासन् तास बोलतो, पण पिन जाम असेल तर सोन्याचा पॅडही एका बाजूनेच झिजणार.

८४,२९० किमी

नाना पेठ. काउंटरवरच्या काकांना मी "ड्रिल केलेली डिस्क आहे का" म्हणून विचारलं, खरं तर त्यांचं मत ऐकायला. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "रेस लावायचीय की ऑफिसला जायचंय?" विषय संपला. भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये तापण्या-निवण्याने भोकांच्या कडेला तडे जायची भीती असते, आणि साध्या गाडीत त्यांचा फायदा शहरात कधी कळणारही नाही. साधी व्हेंटिलेटेड डिस्क, कंपनीच्या मापाची, दोन्ही बाजूंना एकदमच. एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी, हा प्रयोग करू नका.

पॅडवर मात्र वेळ घालवला, कारण मागच्या वेळी मी स्वतःच फसलो होतो. हौसेने सेमी-मेटॅलिक घेतले होते. लोखंडी तंतूंचे, तापल्यावर दमदार. पण पुण्याच्या थंडीत सकाळी पहिल्या दोन-तीन सिग्नलना गाडी जरा उशिरा पकडायची, अलॉयवर काळी पूड बसायची, आणि सोसायटीच्या गेटवर असं किंचाळायचे की वॉचमन हात हलवायच्या आधीच वळून बघायचा. दोष पॅडचा नव्हता. माझ्या रोजच्या वीस किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये ते कधी त्यांच्या आवडीच्या तापमानाला पोचलेच नाहीत.

दुसऱ्या टोकाला साधे ऑरगॅनिक पॅड. शांत, थंडीतही लगेच पकडणारे, डिस्कवर मऊ. पण घाटात तापले की दमतात. किती तापतात याचा माझा हिशेब असा: पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. फक्त ब्रेकवर उतरलात, तर तेवढी ऊर्जा म्हणजे ८० च्या वेगावरून गाडी बावीसएक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. (गाडीचं वजन दोन्हीकडे सारखंच, ते कटतं. म्हणून अल्टो असो की इनोव्हा, आकडा तोच.) हवेचा आणि टायरचा विरोध थोडा वाटा उचलतो. उरलेलं एकतर दुसऱ्या गिअरमधलं इंजिन खातं, नाहीतर तुमचे पॅड. माझ्यापुरतं उत्तर गिअरमध्ये आहे, महागड्या पॅडमध्ये नाही.

पॅडच्या पाठीवर किंवा काठावर छापलेली ओळ जरूर वाचा. बऱ्याच पॅडवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजायचं, तापल्यावर पकड एक पायरी उतरते. पण एवढ्यावरून पॅड निवडू नका. आवाज, पूड, टिकाऊपणा यातलं काहीच ही अक्षरं सांगत नाहीत. माझ्या हातात बॉश, ब्रेम्बो, राणे आणि टीव्हीएस गर्लिंग असे सगळे खोके येऊन गेले, आणि शेवटी घेतले कंपनीचेच ओरिजिनल, एफएफचे. निर्णय कंटाळवाणा आहे, मान्य. वाचलेल्या पैशांत सिलिकॉन ग्रीस, पिनांची नवी रबरं आणि डॉट ४ ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आला.

८४,३०२ किमी

काम. जुनी डिस्क हबला चिकटलेली, पण तिच्यात आटे पाडलेली दोन भोकं आहेत. त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो आणि ती टक्कन सुटली. हातोडीने बेअरिंग बडवायची गरज नाही. हबचं तोंड वायर ब्रश आणि इमरी पेपरने पांढरं होईपर्यंत घासलं, प्रत्येक स्टडच्या बुडाशीसुद्धा. या एका कामाला दोन्ही बाजू मिळून दीड तास गेला. नवी डिस्क बसवून गेज लावला: डावीकडे ०.०४, उजवीकडे ०.०३. तिथेच चहा मागवला.

चहाच्या नादात घोळ केला. नव्या पॅडला जागा करायला कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना वर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष नव्हतं. ब्रेक ऑइल उतू गेलं आणि फेंडरवर ओघळलं. हे ऑइल रंग खातं. पुसायचं नाही, भरपूर पाणी ओतायचं. बादलीभर ओतलं, तरी बोटाएवढा डाग राहिलाच. आधी सिरिंजने थोडं ऑइल काढून घेतलं असतं तर वाचलो असतो. असो.

मग जुनं ऑइल पूर्ण बदललं. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ ला नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस लागतं, ओल मुरल्यावर १५५ चालतं. घाटातल्या दोन तक्रारी वेगळ्या ओळखा: पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड दमलेत. पेडल स्पंजसारखं खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. माझं निघालं ते उकळलेल्या चहाच्या रंगाचं.

चाकं लावली. किल्ली फिरवण्याआधी पेडल पंप केलं. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन अजून मागेच असतात. हे विसरून गिअर टाकणाऱ्याची पहिली भेट पार्किंगच्या भिंतीशी होते.

८४,३२० किमी

पहाटे साडेपाच, रिकामा रस्ता. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्यायचे होते. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा वेळा. मध्ये थोडं अंतर. मग सात-आठ किलोमीटर ब्रेकला न शिवता गार केलं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही, तिथे पॅडचा ठसा उमटतो.

८९,६४० किमी

एक पावसाळा, दोनदा पसरणी, एकदा आंबोली. थरथर नाही. तीन दिवस पावसात उभी राहिली की पहिल्या ब्रेकला खरखर होते, पण तो डिस्कवरचा वरवरचा गंज, दोन सिग्नलमध्ये जातो. आज परत आठ ठिकाणी मोजलं. फरक ०.०१ च्या आत. डावीकडचे आतले-बाहेरचे पॅड सारखे झिजलेत. बाबांना काटा दाखवला. ते म्हणाले, "आणि तो रंगाचा डाग?"

आता मागचे ड्रम. हँडब्रेक सात दातांवर गेलाय आणि ओल्या सकाळी उजव्या बाजूने कुईं येतं. पुढच्या रविवारी उघडतो.