लेफ्ट इन

अमृतमहोत्सवी अंकात बहुतेक जण वर्गांबद्दल, गॅदरिंगबद्दल, आपल्या आवडत्या बाईंबद्दल लिहितील, आणि लिहावंच. मला आमच्या व्यायामाच्या सरांबद्दल लिहायचं आहे, आणि सरांनी ज्यांच्या खेळाचं आम्हाला वेड लावलं त्या हॉकीपटू कॅप्टन रूप सिंहांबद्दल. ग्वाल्हेरच्या शाळेच्या अंकात हे नाव यायलाच हवं.

तेव्हा हॉकी मातीवर खेळायची. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक आणि गोली. सर काठीने धुळीत ही सगळी रचना काढायचे आणि एकेकाला त्याच्या खुणेवर उभं करायचे. सेंटर फॉरवर्डच्या जागेसाठी आमच्यात भांडणं, कारण ती ध्यानचंदांची जागा. सर मात्र काठी त्याच्या डावीकडच्या खुणेवर टेकवायचे. “इथे लेफ्ट इन. इथे उभं राहायला अक्कल लागते.”

ती का लागते, हे त्यांनी करून दाखवलं म्हणून कळलं. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. चेंडू उजव्या अंगाला ठेवून पळायचं आणि सरळ फटका मारला की तो आपसूक डावीकडे जातो. उजवीकडून घुसणाऱ्याला हे सोयीचं, कारण गोल त्याच्या डाव्या हाताला. लेफ्ट इनचं सगळं उलटं. त्याचा गोल उजवीकडे. म्हणजे भरधाव पळताना पाय चेंडूच्या पुढे न्यायचे, डावा खांदा गोलकडे वळवायचा, चेंडू जरा मागे राहू द्यायचा आणि मग मारायचं. तेवढ्या अवधीत समोरचा बॅक अंगावर आलेला असतो. “अरे, चेंडूची घाई नको, पायांची कर,” असं सर ओरडायचे. आम्ही तिथून मारलेले चेंडू कॉर्नरच्या झेंड्याकडे जायचे. रूप सिंह याच जागेवर खेळायचे; तिथून त्यांनी एका सामन्यात दहा गोल कसे केले असतील, हा विचार तेव्हा डोक्यात शिरला तो आजवर गेलेला नाही.

ते दहा गोल ११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिसला झाले. जागतिक मंदीचे दिवस, त्यामुळे ऑलिम्पिकच्या हॉकीत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले होते. भारताने आधी जपानला ११-१ हरवलं, मग अमेरिकेला २४-१. अमेरिकेविरुद्ध रूप सिंहांचे १० गोल, ध्यानचंदांचे ८. स्पर्धेत भारताचे एकूण ३५ गोल झाले; त्यांतले १३ रूप सिंहांचे आणि १२ ध्यानचंदांचे. म्हणजे ज्या स्पर्धेने ध्यानचंदांची कीर्ती आणखी वाढवली, तिच्यात सर्वांत जास्त गोल त्यांच्या धाकट्या भावाचे होते. सर हे आकडे फळ्यावर लिहायचे आणि आम्हाला वहीत उतरवायला लावायचे.

कोणी म्हणेल, समोरचा अमेरिकेचा संघ कच्चा होता. होताच. पण त्याच कच्च्या संघासमोर रूप सिंहांच्या दोन्ही बाजूंना नावाजलेले फॉरवर्ड खेळत होते आणि दहा एकट्या लेफ्ट इनचे झाले. ध्यानचंदांच्या बगलेला राहून चेंडू वाट्याला येणं ही सोपी गोष्ट नव्हती. माझ्या मते ते दोघे एकमेकांची चाल न बघता ओळखत, आणि त्या गोलसंख्येचं खरं कारण हे आहे.

रूप सिंहांचा जबलपूरला १९०८ मध्ये जन्म, वडील फौजेत, म्हणून बदल्या, आणि शेवटी झाशीत घर. भावाहून तीन वर्षांनी लहान. १९३२ च्या दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा रूप सिंह जायलाच तयार नव्हते, कारण परदेशात घालण्यासारखे कपडे नव्हते. ध्यानचंदांनी त्यांना सूट शिवून दिला आणि मग ते बोटीत चढले, असं सांगतात. सर ही गोष्ट सांगताना आमच्याकडे एकेकाकडे बघायचे. आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या पायात कॅनव्हासचे फाटके बूट असायचे, काही अनवाणी. त्या गोष्टीनंतर बूट नाहीत म्हणून कोणी मैदान चुकवलं नाही.

१९३६ मध्ये बर्लिनला ध्यानचंद कप्तान होते. ऑलिम्पिकच्या आधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ हरवलं होतं, त्यामुळे अंतिम सामन्याचं दडपण मोठं. पावसामुळे तो एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ओल्या मैदानावर झाला. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल होता. नंतर मात्र जर्मन बचाव कोसळला आणि सामना ८-१ ने संपला. रूप सिंहांचं हे दुसरं सुवर्णपदक. पुढची दोन ऑलिम्पिक महायुद्धाने गिळली. ऐन उमेदीची ती वर्षं अशी गेली याची हळहळ मला आजही वाटते. एकोणतिसाव्या वर्षाच्या आत ज्याच्याकडे दोन सुवर्णपदकं होती, त्याला तिसऱ्याची संधीच मिळाली नाही.

ते आपल्या ग्वाल्हेरचे झाले ते शिंद्यांच्या फौजेतल्या नोकरीमुळे. उरलेलं आयुष्य इथेच गेलं आणि डिसेंबर १९७७ मध्ये इथेच संपलं. ध्यानचंद धाकट्या भावाला आपल्याहून सरस मानत, असं जुनी मंडळी सांगत. आम्ही शाळेत असताना रूप सिंह हयात होते, आपल्याच शहरात राहत होते, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. जे कळलं ते सरांकडून.

आता त्यांचं नाव देशभर लोकांच्या तोंडी आहे, पण क्रिकेटमुळे. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं होतं, पुढे ते क्रिकेटचं झालं. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिन तेंडुलकरने तिथेच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक. त्या रात्री मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोनवर फोन आले, आपल्या सचिनने तुमच्या ग्वाल्हेरात इतिहास घडवला म्हणून. मलाही आनंद झाला. पण प्रत्येकाला मी एवढं सांगितलं, की मैदानाला ज्यांचं नाव आहे त्यांनी एका ऑलिम्पिक सामन्यात दहा गोल केले होते. पलीकडच्या एकालाही ते माहीत नव्हतं.

हॉकी ग्वाल्हेरातून गेलेली नाही. २००६ पासून मध्य प्रदेश सरकारची महिला हॉकी अकादमी इथे आहे आणि तिच्यातून भारतासाठी खेळणाऱ्या मुली घडल्या आहेत. आपल्या शाळेच्या मैदानावर मात्र आता गोलपोस्ट नाहीत. पाहून वाईट वाटलं. आमच्या तुकडीतल्या काही जणांनी वर्गणी काढायचं ठरवलं आहे. दोन गोलपोस्ट, दोन संघांना पुरतील एवढ्या स्टिक, गोलीचे पॅड आणि बूट. मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही संघ हवेत. मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे की आंतरवर्गीय सामने या हिवाळ्यात सुरू करावेत. सरावाला यायला मी तयार आहे, आणि आधी लेफ्ट इन निवडू.